गुळगुळीत अंगठा

“चित्र बघताना हात खिशात ठेवायचे, मोकळे सोडले की ते आपल्या कामाला लागतात.”

असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. ती तेव्हा शेंगा सोलत बसली होती. “मग घरी तरी मोकळे सोडत जा,” ती म्हणाली, “चार कामं होतील.” दोघंही हसली होती. त्या वाक्याला दात आहेत हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

गल्लीत त्याला दातवाला म्हणत. तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर लोकांच्या तोंडात डोकावतात. त्याने उभ्या जन्मात परक्याच्या तोंडात बोट घातलं नव्हतं. डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे यायचे आणि त्यावरून तो कवळ्या करायचा. आधी मेणाची हिरडी, तिच्यात एकेक दात रोवायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, उकळत्या पाण्यात ते घट्ट करायचं, आणि मग घासणं, घासणं, घासणं. एका इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं दुकान होतं. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस दारातच थबकायचा. इतकी तोंडं, आणि सगळी उघडी. त्याला मात्र त्यांची सोबत वाटायची. कुणाचा चेहरा त्याने पाहिलेला नसायचा, पण कोण डाव्या बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, हे त्याला ठाऊक असायचं.

कवळी तयार झाली की शेवटची तपासणी डोळ्यांनी होत नाही, अंगठ्याने होते. डोळा फसतो. डोळ्याला न दिसलेलं एवढंसं कुसळ म्हाताऱ्या हिरडीत घुसतं आणि माणूस कवळी काढून पेल्यात टाकतो, पुन्हा घालत नाही. म्हणून प्रत्येक कवळीच्या काठावरून, आतून, बाहेरून, त्याचा उजवा अंगठा फिरायचा. खरखर लागली की पुन्हा चाकावर. फिरत्या चाकाला पाय घासायच्या झाव्याच्या दगडाची ओली पूड लावायची आणि कवळी अंगठ्याने दाबून धरायची. वर्षानुवर्षं. कवळ्या गुळगुळीत होत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अंगठाही.

हे कळलं ते बँकेत. तिथे अंगठा टेकवायचं यंत्र आलं होतं. त्याने टेकवला, लाल दिवा लागला. कारकुनाने पुसायला सांगितलं, ओला करायला सांगितलं, फुंकर मारायला सांगितलं. लाल. लाल. लाल.

“काका, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत,” कारकून म्हणाला. “यंत्राच्या हिशेबी तुम्ही नाहीतच.”

“घरीपण असंच आहे,” बायको शेजारून म्हणाली. “असून नसल्यासारखे.” रांगेतली माणसं हसली. बाहेर पायऱ्या उतरताना तिला आणखी सुचलं. “अहो, एक बरंय. उद्या कुठे चोरी केलीत तरी सापडायचे नाहीत तुम्ही.”

दर गुरुवारी तो एका डॉक्टरांकडे जायचा. डॉक्टर त्या दिवशी नव्या कवळ्या बसवून बघायचे, आणि कुठे टोचलं तर तिथल्या तिथे घासून द्यायला त्याला थांबावं लागायचं. दवाखान्यात बसायला जागा नसायची. शेजारच्या इमारतीत चित्रांचं संग्रहालय होतं. आत गारवा होता आणि कुणी हटकत नव्हतं, म्हणून तो पहिल्यांदा आत गेला.

चित्रातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही याची लाजही वाटत नव्हती. चित्रांखालच्या पाट्या तो वाचायचा नाही. घोडे, लढाया, उंची कपड्यांतली माणसं यांच्यासमोरून तो अनोळखी बिऱ्हाडातून जावं तसा संकोचून, भराभर जायचा, आणि शेवटच्या खोलीत एका चित्रापाशी थांबायचा.

चित्रात एक टेबल होतं. त्यावर पांढरं कापड, एक रिकामा वाडगा, आणि टेबलापासून मागे सरकवलेली एक खुर्ची. माणूस कुणी नाही. कापडाचा एक कोपरा टेबलावरून खाली लोंबत होता आणि त्याला पडलेली घडी रंगाने जाड, उठावदार केली होती. बस्स, एवढंच.

पांढऱ्याशी त्याचं जन्माचं भांडण होतं. दात पांढरे नसतात. पिवळट असतात, करडे असतात, टोकाशी पाण्यासारखे निळसर असतात. लोक म्हणायचे, पांढरेशुभ्र द्या. तसे दिले की तोंडात बशी धरल्यासारखी दिसते. आणि या कापडात पांढरं असं काहीच नव्हतं. जवळ गेलं की राखेचा रंग, जुन्या लोण्याचा रंग, घडीच्या पोटात चक्क जांभळा. चार पावलं मागे आलं की धुऊन, वाळवून, नुकतं अंथरलेलं स्वच्छ कापड. हे कसं होतं ते त्याला कळायचं नाही. कळू नये असंही वाटायचं. तो पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा, आणि आठवडाभर घासलेल्या सगळ्या दातांचा शीण त्या येरझाऱ्यांत उतरायचा. मग ती खुर्ची. कोण उठून गेलं असेल? त्याला वाटायचं, रागावून गेलं असणार. पुढल्या गुरुवारी वाटायचं, नाही, येईल परत, वाडग्यात काहीतरी वाढून घ्यायला गेलंय.

त्या खोलीत एक राखणदार बाई असायची. त्याच्याच वयाची. दाराशी स्टुलावर बसून लोकर विणायची आणि त्याला भाऊ म्हणायची.

“उशीर केलात, भाऊ. ती खुर्चीवाली मंडळी येऊन गेली.”

“कुठे गेली, ताई?”

“तुम्हाला शोधायला.”

एवढंच बोलणं, पण दर खेपेला त्याला त्याचं हसू यायचं. हे सगळं मिळून त्याच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट होती जिच्यात त्याला काही दुरुस्त करायचं नव्हतं.

आणि मग तो गुरुवार आला.

खिसे असलेला डगला बायकोने धुवायला टाकला होता. नुसत्या सदऱ्यावर तो चित्रापुढे उभा होता. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मूल मोठ्याने रडायला लागलं, तशी बाई विणकाम स्टुलावर ठेवून तिकडे गेली. तो पुढे झाला. खिडकीतला उजेड कापडाच्या लोंबत्या घडीवर तिरका पडला होता, आणि त्या उजेडात रंगाची एक कड उभी राहिलेली दिसली. एवढीशी. कवळीच्या काठावर राहून जाते तशी.

आणि अंगठा गेला. त्याने नेला नाही, तो गेला. दिवसभर जातो तसा, हलका दाब देत, खरखर शोधत. ‘इथे टोचणार,’ असं त्याच्या मनात येऊनही गेलं. मग अंगठ्याखाली काहीतरी निसटलं.

अंगठ्याला मसुरीएवढा एक पापुद्रा चिकटला होता. करडा, पिवळसर, एका कडेला जांभळा. आणि चित्रात, घडीच्या धारेवर, एक बारीक काळपट तोंड उघडलं होतं.

मूठ आपोआप मिटली. छातीत इतकं मोठं धस्स झालं की त्याला वाटलं आवाज शेजारच्या खोलीत गेला असेल. मूल रडायचं थांबलं. बाई परत आली, विणकाम उचललं, बसली.

“झालं बघून, भाऊ?”

त्याला ‘हो’ म्हणायचं होतं. जन्मभर लोकांचे दात बसवणाऱ्या माणसाला दातखिळी बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. त्याने नुसती मान हलवली आणि चालू लागला. दाराच्या वर, कोपऱ्यात, एक काळा काचेचा डोळा होता. इतकी वर्षं त्याने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आता डोळ्याने त्याच्याकडे बघितलं.

दवाखान्यात न थांबता तो दुकानात परतला. तिथे कुणी नव्हतं, भागीदार जेवायला गेला होता. तयार दात ज्या छोट्या पारदर्शक डब्यांतून यायचे त्यांतली एक डबी त्याने घेतली, तळाला मेण थापलं, आणि श्वास रोखून तो पापुद्रा मेणावर उतरवला. झाकणावर दुकानाचं नाव छापलेला कागद डकवलेला होता. तो नखाने खरवडून काढला. कागद गेला, डिंक राहिला. डिंक पुसला. मग डबी फळीवर, जबड्यांच्या मागे, अगदी आत सरकवली. समोर सगळी तोंडं उघडी होती. त्याला पहिल्यांदाच वाटलं, यांतलं एखादं बोलेल.

त्यानंतर भीती त्याच्याबरोबर राहायला आली. पाहुण्यासारखी नाही, बिऱ्हाड करून. सकाळी डोळा उघडायच्या आधी ती जागी असायची. एकदा विजेचं मीटर बघायला माणूस आला, हातात बॅटरी, काखेत जाड वही. “आत येऊ का?” एवढंच तो म्हणाला, आणि याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बायको बघत होती.

“अहो, मीटर बाहेर आहे. त्यांना दाखवा ना.”

“हो हो,” तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

त्याला तुरुंगाची भीती नव्हती असं नाही, तीही होती. पण तिच्या मागे दुसरी एक भीती उभी होती, आणि ती अधिक उंच होती. ती म्हणजे, पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही. नाव कळेल, दारावरचा माणूस हात आडवा करेल, गुरुवार उरेल आणि जायला जागा उरणार नाही. आणि जाता आलं तरी? आता तो ते कापड बघू शकेल का? मागे जाऊन, पुढे येऊन, काहीही केलं तरी डोळा त्या काळ्या तोंडावरच जाणार. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तसा.

हाताखालच्या कामात चुका होऊ लागल्या. भागीदार त्याच्यापेक्षा लहान, तोंडाचा मोठा. त्याने एक कवळी उजेडात धरली.

“दादा, ही माणसासाठी आहे का कुलपासाठी?”

“का रे?”

“अहो, वरचे-खालचे असे आवळून बसवलेत की बिचारा जांभई द्यायला गेला तर डोकं उघडेल. वहिनींशी भांडलात काय?”

“नाही रे.”

“मग भांडा एकदा. पण हे दात सोडवा.”

त्याने दात सोडवले. पुन्हा मेण, पुन्हा एकेक. शेवटी अंगठा फिरवायची वेळ आली आणि अंगठा कवळीपाशी जाऊन थांबला. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. कुत्रा एकदा चावला की मालक त्याच्याकडे बघतो तसं.

पुढल्या गुरुवारी तो दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिला. संग्रहालयात गेला नाही. त्याच्या पुढल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी त्याने ठरवलं. पापुद्रा परत द्यायचा. कुणाच्या हातात नाही. खोलीत मधोमध बाक आहे, त्यावर डबी ठेवायची आणि निघून यायचं. ज्यांचं आहे त्यांना सापडेल. डबीवर नाव नाही, अंगठ्यावर रेषा नाहीत. बँकेच्या पायऱ्यांवरचं बायकोचं वाक्य त्याला आठवलं, आणि या खेपेला हसू आलं नाही.

सकाळी तो डगला चढवत होता. डबी खिशात होती.

“आज मी पण येते,” बायको म्हणाली.

“कुठे?”

“तुमच्या त्या चित्राकडे. इतकी वर्षं ऐकतेय. टेबल, वाडगा, खुर्ची. माझ्याच स्वयंपाकघरातलं ते बघायला तुम्ही दर आठवड्याला जाता, म्हटलं, एकदा बघू तरी काय एवढं आहे त्यात.”

“आज नको. आज घाई आहे.”

“मागल्या गुरुवारी काय होतं?” ती त्याच्याकडे बघत होती. तिने केस विंचरले होते, बाहेर जायची चप्पल दाराशी काढून ठेवली होती. म्हणजे हे तिचं आधीच ठरलेलं होतं. “पंधरा दिवस झाले, तुम्ही जेवत नाही नीट. काही असेल ते असो, मी विचारत नाही. पण आज मी येणार.”

दोघं निघाली. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तो मधेच थांबला. तिला वाटलं वयामुळे, तिने दंड धरला. आत शिरल्यावर मात्र ती रमली. घोड्यांपाशी थांबली. दागिन्यांनी मढलेल्या एका बाईपाशी थांबली. “हिची मान दुखत नसेल हो?” ती मोठ्याने म्हणाली. तो पुढे चालत होता, हात खिशात, मूठ डबीभोवती. दारावरच्या काचेच्या डोळ्याखालून जाताना त्याने खांदे आवळले.

शेवटच्या खोलीत भिंत रिकामी होती.

खिळे होते, आणि त्यांच्या खाली भिंतीच्या रंगाचा एक उजळ चौकोन. इतकी वर्षं उजेड न लागलेला.

बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने चौकोनाकडे नीट बघितलं.

“हेच का? छान आहे. पांढरं मात्र आहे अगदी.”

“भाऊ!”

राखणदार बाई स्टुलावरून उठून जवळजवळ धावत आली आणि तिने त्याची बाही धरली. विणकाम कुठे दिसत नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते.

“किती वाट बघितली तुमची! मागल्या वेळी का नाही आलात? चला, आत चला, मॅडम आत आहेत. तुम्हीच सांगा त्यांना.”

“काय... काय सांगू?”

“की मी चित्रांना हात लावत नाही म्हणून. दुसरं कोण सांगणार? इथे दर आठवड्याला येणारं तुमच्याशिवाय आहे कोण?”

तो जागचा हलला नाही. बायकोच पुढे झाली. “अहो, चला ना. बाई रडताहेत आणि तुम्ही खांबासारखे उभे.” दोघींच्या मधून तो एका अरुंद बोळातून चालत गेला. जाता जाता त्याने कसंबसं विचारलं, “ताई, तो कोपऱ्यातला कॅमेरा... त्यात दिसलं असेल ना?”

“तो होय? तो कधीचा मेलाय. चालू असता तर माझ्यावर ही पाळी आली असती का?”

त्याचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या त्याला स्वतःच्या जिवाची किळस आली, भीती वाटली. इतक्या चटकन पडला होता तो.

आतली खोली त्याच्या दुकानासारखी होती. तोच स्पिरिटचा वास, बारीक हत्यारं ओळीने, मोठा दिवा. दिव्याखाली टेबलावर चित्र उताणं ठेवलं होतं. चौकट काढलेली. शस्त्रक्रियेच्या रुग्णासारखं ते उघडं, लहान, असहाय दिसत होतं. शेजारी एक तरुण मुलगी, कपाळावर भिंग चढवलेलं. चित्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. तिने बायकोला स्टूल दिलं, त्याला खुर्ची. हसून म्हणाली, “बसा काका. तुमच्याबद्दल ताईंकडून खूप ऐकलंय.”

तो बसला. चित्र हाताच्या अंतरावर होतं. इतक्या जवळून, इतक्या उजेडात त्याने ते कधी बघितलं नव्हतं. राख, लोणी, जांभळा. आणि ते काळं तोंड.

“हे बघा, इथून रंग गेलाय,” मुलगी म्हणाली. “तसा इथला रंग आधीच सुटत आला होता, आज ना उद्या पडलाच असता. पण पडला नाही, कुणीतरी घासला. आजूबाजूला डाग आहे. आम्हाला आधी वाटलं, कुणी बघणाऱ्याने बोट लावलं. पण बोट लागलं असतं तर रेषा उमटल्या असत्या. धुळीचा पातळ थर असतो, त्यात लगेच दिसतात. इथे रेषा नाहीत, नुसतं गुळगुळीत आहे. म्हणजे कापड.”

“मी फडकं आत नेतच नाही हो!” राखणदार बाई म्हणाली.

“मला ठाऊक आहे, ताई. पण साहेबांनी ठरवून टाकलंय. धूळ पुसायला गेल्या आणि रंग काढला म्हणतात.” ती त्याच्याकडे वळली. “महिनाअखेरीस जा म्हणून सांगितलंय त्यांना. आणि तो तुकडाही मिळाला नाही. तुकडा असता तर मी तो जसाच्या तसा बसवला असता, कुणाला कळलंही नसतं. नसेल तर मला माझ्या हाताने रंग भरावा लागेल. तो माझा रंग असेल, याचा नाही.”

“सांगा ना भाऊ,” राखणदार बाई म्हणाली. तिने हात जोडले नव्हते, पण आवाजाने जोडले होते. “मी कधी हात लावलेला बघितलात का?”

“नाहीच बघितला!” बायकोच बोलली. “हे घरी येऊन सगळं सांगतात मला. तुमच्या विणकामाचा रंगसुद्धा ठाऊक आहे मला. कापड कसलं, बोटच असणार कुणाचं तरी. रेषा काय, सगळ्यांनाच थोड्या...”

ती थांबली.

खोलीत दिव्याची बारीक घरघर चालू होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण ती आपल्याकडे बघते आहे हे त्याला गालावर कळलं. बँकेतला लाल दिवा, मीटर बघायला आलेला माणूस, न जेवलेली ताटं, हे सगळं तिच्या मनात एकेक करून जागेवर बसत असणार, मेणात दात बसावेत तसं. ती काय करेल? तो डोळे मिटून थांबला.

“अहो,” ती म्हणाली. आवाज अगदी हलका, घाबरलेला, त्याने कधी न ऐकलेला. “चला आपण. उशीर होतोय तुम्हाला. आपल्याला काय ठाऊक यातलं? आपण काही बघितलं नाही.”

राखणदार बाई तिच्याकडे बघत राहिली. मुलीनेही मान वर केली.

हा दरवाजा होता, आणि बायकोने तो त्याच्यासाठी उघडून धरला होता. उठायचं, ‘नाही हो, मी काही बघितलं नाही’ म्हणायचं, आणि जायचं. डोळा मेलेला आहे. डबीवर नाव नाही. अंगठा स्वच्छ आहे, जगातल्या कुठल्याही यंत्राच्या हिशेबी तो नाहीच. काही आठवडे गेले की तो परत येईल. चित्र परत टांगलेलं असेल, त्या मुलीच्या रंगासकट. स्टुलावर दुसरं कुणी असेल, त्याला भाऊ न म्हणणारं. आणि तो चार पावलं मागे येईल, आणि कापड पांढरं दिसणार नाही. कधीच.

त्याला इतकी भीती वाटत होती की खिशातला हात त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला. तो हात बाहेर आला. टेबलावर, चित्राच्या शेजारी, एक काचेची पट्टी पडली होती, मुलीने रंग कालवायला ठेवलेली. रिकामी, धुळीची. त्याने उजवा अंगठा तिच्यावर ठेवला. दाबला. उचलला.

मुलीने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग तिने काचेवरून नजर काढून चित्रावर नेली, आणि चित्रावरून पुन्हा काचेवर.

त्याने डाव्या खिशातून डबी काढली, झाकण उघडलं, आणि राखणदार बाईच्या हातात दिली. मेणावर तो पापुद्रा होता, करडा, पिवळसर, एका कडेला जांभळा. बाईने आधी डबीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग आला का आणखी काही, हे बघायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

“भाऊ?” ती म्हणाली.

त्याच्याकडे वाक्यं होती. पंधरा दिवस त्याने ती घडवली होती, घासली होती, त्यांच्यातली सगळी कुसळं काढली होती. त्यातलं एकही ओठांपर्यंत आलं नाही. त्याने टेबलावरच्या कापडाकडे एकदा बघितलं, अगदी जवळून. मग खुर्ची मागे सरकवून उठला. बायको स्टुलावरून उठायची धडपड करत होती, मुलगी “काका, थांबा, तुमचं नाव तरी” असं काहीतरी म्हणत होती. त्याचे हात मोकळे लोंबत होते. खुर्ची तशीच सोडून तो दारातून बाहेर पडला.